चटणी पोचली, पैसे परत गेले: आमच्या पेमेंट गेटवेबद्दल तीन वर्षांनी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात फेब्रुवारी ते मे एकच वास असतो, चटणीचा. बाहेरगावचे लोक कांदा-लसूण मसाला म्हणतात, आमच्याकडं ती चटणीच. संकेश्वरी मिरची गडहिंग्लजच्या बाजारातून येते, रंगापुरती थोडी ब्याडगी. खोबरं, तीळ, धणे लक्ष्मीपुरीतून. सासूबाई भाजणीला बसतात, मी आणि जाऊबाई देठं खुडतो, आणि मग सगळं डंकावर जातं. सुरुवातीला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना डबे जायचे. त्यांच्या ओळखीतून मागणी वाढली तशी २०२२ मध्ये पुतण्यानं वेबसाइट करून दिली आणि तिला एक पेमेंट गेटवे जोडला. कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग, सगळे पैसे त्यातूनच येतात.

हा रिव्ह्यू त्या गेटवेचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे माझ्याबाबतीत झालं ते थोड्याफार फरकानं कुठल्याही गेटवेवर होऊ शकतं, आणि नाव वाचून तुम्ही नुसती कंपनी बदलाल, कागद तसेच अर्धवट ठेवाल, हे मला नको आहे.

चांगलं आधी सांगते. पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यावर येतात, तीन वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. कार्डाला दोन टक्के आणि त्यावर जीएसटी कापतात, हिशेब रोजच्या रोज दिसतो. दिवाळीच्या आठवड्यात ऑर्डरी चौपट होतात तेव्हाही पान कधी अडकलं नाही. पैसे गोळा करण्याचं काम ही कंपनी चोख करते. त्यासाठी मी तिला पाचपैकी साडेचार देईन.

पण गेटवे खरा कळतो तो आलेले पैसे परत ओढले जातात तेव्हा.

याला चार्जबॅक म्हणतात. ग्राहक आपल्याला काही न सांगता थेट स्वतःच्या बँकेत जातो आणि सांगतो की हा व्यवहार मला मान्य नाही. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या मार्फत आपल्या बाजूच्या बँकेकडून पैसे मागते, ती बँक गेटवेकडून, आणि गेटवे आपल्या खात्यातून. रिफंड आपण आपल्या हातानं करतो, इथं आपल्याला विचारायच्या आधीच रक्कम गेलेली असते. मग आपण पुरावे देऊन ती परत मिळवायची. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ग्राहकाला तक्रारीसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते. म्हणजे होळीला पाठवलेल्या डब्याबद्दल आषाढातसुद्धा विचारणा येऊ शकते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खातं उघडताना आधार, पॅन, कॅन्सल्ड चेक, अन्न परवान्याचा नंबर सगळं मागून घेतलं, पण असं काही घडलं तर कुठला कागद लागेल याची एक ओळसुद्धा कुठं वाचल्याची मला आठवत नाही.

पहिला चार्जबॅक मे २०२४ मधला. मार्चमध्ये वाकडच्या एका सोसायटीतून आठ किलोची ऑर्डर आली होती. ७८० रुपये किलो, कुरिअरचे ६०० धरून ६,८४० रुपये. एवढी मोठी ऑर्डर म्हणून मी स्वतः पॅकिंग केलं. आतून जाड पिशवी, बाहेरून डबा, डब्याच्या तोंडाला टेप, कारण खोबऱ्याचं तेल उन्हाळ्यात सुटतं आणि खोक्याला डाग पडला की कुरिअरवाले परत पाठवतात. चार दिवसांत "डिलिव्हर्ड" दिसलं. विषय संपला असं आम्ही धरलं.

अक्षय तृतीयेच्या रात्री, १० मे, शुक्रवार, अकरा चाळीसला मेल आला. इंग्रजीत. आणि आला तो पुतण्याच्या पत्त्यावर, कारण खातं उघडताना त्यानं स्वतःचा मेल टाकला होता. त्यानं तो सोमवारी सकाळी पाहिला आणि धावत वर आला, "काकू, गेटवेनं आपले पैसे कापलेत." उत्तर द्यायची मुदत सात दिवस, त्यातले तीन गेलेले. शनिवार-रविवारही मोजलेले.

कापले किती तेही बघा. ऑर्डरच्या वेळी आमच्या हातात ६,८४० आले नव्हते. दोन टक्के आणि जीएसटी जाऊन ६,६७८ रुपये ५८ पैसे आले होते. परत ओढताना मात्र पूर्ण ६,८४० ओढले. वर चार्जबॅकचं शुल्क ५०० आणि त्याचा जीएसटी ९०. आठ किलो चटणी गेली ती वेगळीच. त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "अगं, मग चटणी तरी परत देणार का ती माणसं?" मला उत्तर देता आलं नाही.

मेलमध्ये कारण म्हणून एक आकडा होता, १३.१, आणि पुढं "पुरावे अपलोड करा" असं बटण. आकड्याचा अर्थ कुठंही नव्हता. मी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलानं, "मॅडम, जो भी डॉक्युमेंट है, सब डाल दीजिए," एवढंच सांगितलं. मी सगळं टाकलं. दोन पानी पत्र लिहिलं, आम्ही किती वर्षं हे करतो, कशी चटणी करतो, कुणालाही फसवलेलं नाही, हे सगळं मनापासून. कुरिअरच्या पानाचा फोटो. ग्राहकाशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, मराठीत, आणि स्क्रीनशॉट मधूनच कापलेला, त्यावर नंबरही दिसत नव्हता आणि तारीखही. १७ तारखेला संध्याकाळी पाठवलं.

१९ मेला माझा भाचा, जो हिंजवडीत नोकरी करतो, रविवार होता म्हणून त्या सोसायटीच्या गेटवर गेला. वॉचमन काकांना त्यानं हात जोडून सांगितलं, मावशीचं नुकसान झालंय, एवढं रजिस्टर बघू द्या. त्यांनी मागचं रजिस्टर काढलं. निळ्या शाईत मार्चच्या त्याच तारखेची ओळ होती: वेळ दुपारी १:२०, कुरिअर कंपनीचं नाव, फ्लॅट नंबर, "कोल्हापूर बॉक्स १", आणि शेवटच्या रकान्यात सही. भाच्यानं त्या पानाचा फोटो मला पाठवला. मी तो फोन उन्हात धरून कितीतरी वेळ बघत होते. बॉक्स त्या फ्लॅटच्या कुणीतरी सही करून नेला होता. गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मात्र केव्हाच पुसलं गेलं होतं.

तो फोटो मी त्याच संध्याकाळी गेटवेला पाठवला. उत्तर आलं, मुदत १७ तारखेला संपली, आता नवीन पुरावा घेता येत नाही. २४ जूनला निकाल कळला, ग्राहकाच्या बाजूनं. एका ओळीचा मेल.

ग्राहकावर माझा आजही आरोप नाही. सही घरकामाच्या बाईंची असेल, बॉक्स गॅलरीत राहिला असेल, घरातल्या दुसऱ्या कुणी उघडला असेल. त्यांना खरंच मिळाला नाही असं वाटलं असेल. कुरिअरच्या मुलानं गेटवर ठेवून "डिलिव्हर्ड" दाबलं, तिथं धागा तुटला. माझा राग आहे तो गेटवेवर, कारण १३.१ चा अर्थ "माल मिळाला नाही" असा आहे आणि या कारणाला बँक मुख्यतः एकच गोष्ट शोधते: ऑर्डरमध्ये दिलेल्या पत्त्यावर, अमुक तारखेला, अमुक माणसाला माल दिल्याचा कागद. हे एक वाक्य मेलमध्ये असतं तर मी दोन पानी पत्र लिहिण्यात दोन दिवस घालवले नसते. भाच्याला सोमवारीच गेटवर पाठवलं असतं. त्याला अर्धा दिवस रजा पडली असती, एवढंच.

हे मला कळलं ते निकालानंतर. मी पुन्हा हेल्पलाइनला फोन केला, भांडायला नाही, समजून घ्यायला. या वेळी फोनवर आली ती मुलगी हिंदीत बोलत होती, पण तिनं पंचवीस मिनिटं दिली. प्रत्येक तक्रारीला एक कारण-क्रमांक असतो आणि तोच वाचून पुरावे द्यायचे, हे तिनं समजावलं. व्हिसाचा १३.१ म्हणजे मिळालं नाही. १३.३ म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही किंवा खराब. १०.४ म्हणजे कार्ड समोर नसताना झालेला व्यवहार मी केलाच नाही. मास्टरकार्डमध्ये मालाबद्दलच्या बहुतेक तक्रारी ४८५३ या एकाच क्रमांकाखाली येतात, म्हणून तिथं ग्राहकानं बँकेला काय लिहून दिलं तेही मागून वाचायचं. बोलणं मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं, कारण पलीकडं कागद वाचणारा माणूस कुठं बसलाय सांगता येत नाही. आणि गोष्ट लिहायची नाही. पहिल्या पानावर तारखांची यादी, पुढं त्या यादीच्या क्रमानं कागद. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्या मुलीचं नाव मला माहीत आहे, इथं लिहीत नाही, पण या कंपनीला मी जे काही गुण देतेय त्यातला मोठा वाटा तिचा आहे. तिनं फोनवर सांगितलं ते कंपनीनं मेलच्या खाली छापलं तर माझ्यासारख्या किती जणींचे पैसे वाचतील.

दुसरा चार्जबॅक लहान होता, १,५६० रुपयांचा, नाशिकच्या एका ताईंचा. कारण, हा व्यवहार मी ओळखत नाही. मी आधी फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो ताई, चटणी तर तुमचीच आली, छान होती. पण बिलावर कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव होतं, मला वाटलं कुणी कार्ड वापरलं." खरंच होतं. आमची नोंदणी सासऱ्यांच्या लक्ष्मीपुरीतल्या जुन्या दुकानाच्या नावावर, आणि कार्डाच्या बिलावर तेच छापून येतं. वेबसाइटवर आणि डब्यावर चटणीचं नाव वेगळं. ताईंनी बँकेला तक्रार मागं घेतो असं लिहून दिलं, त्याची प्रत मला पाठवली, ती मी मुदतीत अपलोड केली. ग्राहकानं तोंडी माघार घेतली तरी आपलं उत्तर द्यायचं चुकवायचं नाही, नाहीतर केस आपोआप त्यांच्या बाजूनं बंद होते. ओटीपी घालून पैसे दिल्याची नोंद गेटवेनं स्वतःहून जोडली होती, तेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडं ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्ड व्यवहारांना ही दुसरी खातरजमा सक्तीची केलीय, त्यामुळं "मी केलंच नाही" या तक्रारीत विक्रेत्याची बाजू बरीच भक्कम असते. "मिळालं नाही" आणि "वर्णनाप्रमाणे नाही" या तक्रारींत मात्र ओटीपीचा काही उपयोग नाही. माल तुम्ही दिला की नाही हे ओटीपी कसं सांगणार?

बिलावरचं नाव बदलून द्यायला गेटवेनं अकरा दिवस घेतले, पण दिलं. तुमच्या दुकानाचं नाव आणि नोंदणीचं नाव वेगळं असेल तर हे आजच तपासा. स्वतःच्याच कार्डावरून शंभर रुपयांची ऑर्डर टाका आणि बिल बघा.

तिसरा चार्जबॅक मी लढले आणि जिंकले, म्हणून तो नीट सांगते.

दिवाळीआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गुरुग्रामला चार किलो गेली. कुरिअर धरून ३,४२०. संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला मेल आला. आता मेल माझ्या फोनवर येतो, त्यामुळं तिळगूळ वाटायच्या आधीच कळलं. कारण १३.३. ग्राहकानं बँकेला लिहिलं होतं, फोटोत लाल मसाला दाखवला, आला तो काळपट, जळका आणि तेलकट.

हे वाचून मला वाईट वाटलं, कारण त्यानं ज्याला जळकं म्हटलं तीच आमची चव. कोल्हापूरच्या चटणीचा रंग विटेसारखा, थोडा काळपटच असतो. खोबरं आणि कांदा खरपूस होईपर्यंत परतल्याशिवाय ती होतच नाही. नुसती ब्याडगी घातली तर लालभडक दिसेल, पण मग तांबड्या रश्श्याला जी चव येते ती येणार नाही. तेल सुटतं ते खोबऱ्याचं आणि तिळाचं, वरून ओतलेलं नाही. पण हे सगळं पुन्हा पत्रात लिहायचं नाही, हे मला आता ठाऊक होतं.

मुलगी आणि मी दोघी बसलो. पहिल्या पानावर सहा ओळी: ऑर्डरची तारीख, पाठवल्याची, पोचल्याची, ग्राहकाच्या मेसेजची, तक्रारीची, आमच्या उत्तराची. दुसऱ्या पानावर बिल. तिसऱ्यावर स्पीड पोस्टची पावती आणि पोचल्याची नोंद. पहिल्या केसनंतर मोठ्या ऑर्डरी मी पोस्टानंच पाठवते. तेरा अक्षरांचा नंबर, शेवटी आयएन, आणि डिलिव्हरी झाल्याचं पान मी त्याच दिवशी जतन करून ठेवते, कारण काही आठवड्यांनी ते वेबसाइटवर सापडत नाही. चौथ्या पानावर आमच्या वेबसाइटचं त्या दिवशीचं पान, ज्यात लिहिलं होतं की भाजलेल्या खोबऱ्यामुळं रंग गडद असतो आणि तेल वर येऊ शकतं. देवाची कृपा की ती ओळ जाऊबाईंच्या आग्रहामुळं सुरुवातीपासून होती. पाचव्यावर परताव्याचे नियम: सात दिवसांत कळवा, न वापरलेला डबा परत पाठवा, पैसे देऊ. वर्णनाप्रमाणे नाही अशा तक्रारीत ग्राहकानं आधी विक्रेत्याशी बोलून माल परत करायचा प्रयत्न करणं अपेक्षित असतं. त्यानं आम्हाला तक्रारीचा एक शब्दही कळवलेला नव्हता.

आणि सहावं पान. २ नोव्हेंबरला त्याच ग्राहकाचा व्हॉट्सॲपवर मेसेज होता: "दीवाली पे चिकन बनाया, सबको पसंद आया. थोड़ा कम तीखा भी बनाते हो क्या?" त्या स्क्रीनशॉटवर नंबर पूर्ण दिसत होता, तोच जो ऑर्डरमध्ये होता, तारीख दिसत होती, आणि खाली मुलीनं इंग्रजी भाषांतर टाईप केलं. सगळं मिळून एक पीडीएफ, सहा पानं. तिसऱ्या दिवशी पाठवलं.

मध्ये एकदा गेटवेचा मेल आला की केस बँकेकडं विचाराधीन आहे. ७ मार्चला, म्हणजे ५२ दिवसांनी, ३,४२० रुपये परत जमा झाले. चार्जबॅकचं शुल्क ५९० मात्र परत आलं नाही. बरोबर असलो तरी ५९० जातात. यासाठी मी या कंपनीला माफ करू शकत नाही. केस हरली तर शुल्क घ्या, मला समजतं. पण विक्रेता खरा ठरल्यावर त्याच्याकडून तक्रारीचे पैसे घेणं हा कुठला न्याय? चार किलोच्या चटणीत माझ्या हाती मजुरी धरून पाच-सहाशेच उरतात.

त्या ग्राहकाला मी नंतर मेसेज केला नाही. फोटो मात्र बदलले. आता आमच्या पानावर पांढऱ्या ताटलीत एक चमचा चटणी आहे, खिडकीजवळच्या उजेडात काढलेली, रंग जसा आहे तसा. जुना फोटो पुतण्याच्या मित्रानं काढला होता, छानच होता, पण त्यात लाली जरा जास्त चढवली होती. ग्राहकाच्या म्हणण्यात तेवढं तथ्य होतं आणि ते मी मान्य करते.

एक इशारा, जो माझ्यावर बेतला नाही पण आमच्या ओळखीच्या एका गूळवाल्यांवर बेतला. शाहू मार्केट यार्डात त्यांचं दुकान आहे, काकवी आणि गुळाच्या ढेपा ऑनलाइन पाठवतात. ग्राहकानं तक्रार केली, यांनी भलेपणानं लगेच रिफंड केला, आणि त्याच वेळी बँकेतून चार्जबॅकही चालू होता. पैसे दोनदा गेले. चार्जबॅक आलाय हे दिसलं की रिफंडच्या बटणाला हात लावायचा नाही, केस मान्य करायची असेल तर तिथंच मान्य करायची. आणि रिफंड आधीच केला असेल तर त्याचा एआरएन, म्हणजे त्या रिफंडचा ओळख-नंबर, गेटवेकडून घेऊन पुरावा म्हणून द्यायचा. तो नंबर बँकेला थेट शोधता येतो. त्या काकांनी तो मागितला नाही, कारण असा काही नंबर असतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

मला लोक विचारतात, एवढ्याशा रकमेसाठी एवढा खटाटोप कशाला? १,५६० रुपयांसाठी दोन दिवस घालवायचे? पैशांचं एक आहेच. पण तक्रारींचं प्रमाण वाढलं की गेटवे आपलं खातं तपासणीत टाकतो, पैसे अडवून ठेवू शकतो. आणि केस जिंकली तरी तक्रार झाली म्हणून ती मोजली जातेच. म्हणून मी आता जास्त लक्ष तक्रार होऊच नये याकडं देते. डबा निघाला की ग्राहकाला नंबर पाठवते. पोचला की, "पोचली का, डबा नीट होता का," एवढं विचारते. चार-पाच किलोच्या वर ऑर्डर असेल तर फोन करते आणि सांगते की गेटवर ठेवू देऊ नका, घरी कोण असेल त्याचं नाव कळवा. पुण्याच्या एका आजींनी तर मला सांगितलं, "बाळ, आमच्याकडं गेटवरच घेतात, पण मी खाली उतरून थांबते."

यूपीआयबद्दलही विचारतात. तिथंही तक्रार होते, ती कार्डाच्या कंपन्यांमार्फत न जाता यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या व्यवस्थेतून बँका-बँकांत जाते. माझी एकच झाली, ग्राहकाकडून दोनदा पैसे गेल्याची. एक खरोखर जास्तीचं आलेलं होतं, मी मान्य केलं, मिटलं.

मी हा गेटवे सोडलेला नाही. सोडून जायचं कुठं, हा प्रश्न आहेच, पण तेवढंच नाही. पैसे वेळेवर येतात, हिशेब स्वच्छ आहे, आणि त्या फोनवरच्या मुलीसारखी माणसं तिथं आहेत. चार्जबॅकच्या कामाला मी पाचपैकी दोन देते. मुदत सात दिवसांची, तीही सुट्ट्या धरून. मेल फक्त इंग्रजीत. कारणाचा आकडा, अर्थ नाही. जिंकल्यावरही शुल्क परत नाही. मोठ्या दुकानांना यासाठी माणसं ठेवता येतात. आम्ही चटणी कुटतो, भरतो, पत्ते लिहितो आणि त्यातून उरलेल्या वेळात बँकेशी लढतो.

रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०२० च्या परिपत्रकात पेमेंट ॲग्रीगेटर कंपन्यांना, म्हणजे विक्रेत्यांसाठी असे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना, तक्रार निवारणाची जाहीर व्यवस्था आणि तक्रारी बघणारा नोडल अधिकारी ठेवायला सांगितलं होतं. या कंपनीच्या वेबसाइटवर त्या अधिकाऱ्याचा मेल पत्ता अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आहे. जिंकल्यानंतरच्या आठवड्यात मी त्या पत्त्यावर चार मागण्या लिहून पाठवल्या: मेलमध्ये कारणाचा अर्थ आणि लागणारे कागद लिहा, मुदत कामकाजाच्या दिवसांत मोजा, मराठीत सूचना द्या, जिंकलेल्या केसचं शुल्क परत करा. मुलीनं इंग्रजी नीट करून दिलं.

सोळाव्या दिवशी उत्तर आलं. खात्याला दुसरा मेल पत्ता आणि दुसरा मोबाइल नंबर जोडायची सोय आहे, ती वापरावी, असं त्यात होतं, आणि ती कशी वापरायची त्याची चित्रंही. मी दोन्ही जोडले, माझे आणि मुलीचे. कागदांच्या यादीबद्दल "संबंधित विभागाला कळवलं आहे" असं लिहिलं. मुदतीबद्दल आणि मराठीबद्दल काही नाही. शुल्काबद्दल मी दुसरा मेल केलाय, त्याचं उत्तर अजून यायचंय.